विचारा तर खरं : फोटोग्राफीची दोन वर्षांची डिग्री

गेल्या महिन्यात या पानावर जाता जाता लिहिलं होतं की मी बी.कॉम. झाल्यावर अमेरिकेत जाऊन फोटोग्राफीची दोन वर्षांची असोसिएट डिग्री केली, आणि त्या एका वाक्यावर एवढे मेल आले की संपादकबाई म्हणाल्या आता अख्खं पान त्यालाच देऊन टाक. तर दिलं. नावं कुणाचीच छापत नाहीये, कारण दोघातिघांनी घरी न सांगता विचारलंय. व्हिसाचे नियम बदलत असतात, त्यामुळे मी सांगते ते ऐका पण फॉर्म भरायच्या आधी कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचाराच. मी वकील नाही, मी साबणाच्या वड्यांचे आणि लोणच्याच्या बरण्यांचे फोटो काढून पोट भरते.

मुलगा बारावी सायन्स झाला. त्याला अमेरिकेतल्या आर्ट कॉलेजात फोटोग्राफीची असोसिएट डिग्री करायचीय. एजंट म्हणतो दोन वर्षांत डिग्री, मग लगेच जॉब आणि तिथेच सेटल. ह्यांचं म्हणणं, लग्नाचे फोटो काढायला अमेरिकेला कशाला जायला पाहिजे. ही डिग्री म्हणजे नक्की काय असतं आणि आपल्याकडे चालते का? — एक आई, नाशिक

ताई, एजंटच्या वाक्यातला पहिला भाग खरा आहे. अमेरिकेत बॅचलर्स चार वर्षांची, साधारण १२० क्रेडिट्सची (क्रेडिट म्हणजे अभ्यास मोजायचं तिथलं माप), आणि असोसिएट तिच्या निम्मी, ६० क्रेडिट्सच्या आसपास. पण त्या ६० मध्ये सगळी फोटोग्राफी नसते हे मुलाला आत्ताच सांगा, इंग्लिशचे निबंध असतात, एखादं गणित नाहीतर सायन्स असतं, आर्ट हिस्टरी असते. आमच्या वर्गातला एक पोरगा, लाइटिंगमध्ये सगळ्यात हुशार, निबंधांना कंटाळून दुसऱ्या सेमिस्टरला सोडून गेला.

मग डिग्रीची अक्षरं बघा, लोक हे बघतच नाहीत. ए.ए. (असोसिएट ऑफ आर्ट्स) आणि ए.एस. (असोसिएट ऑफ सायन्स) या साधारणपणे पुढे चार वर्षांच्या कॉलेजात जायच्या हिशोबाने आखलेल्या असतात. ए.ए.एस. म्हणजे अप्लाइड सायन्स, ती धंद्याला लागायच्या हिशोबाने, त्यात स्टुडिओचे तास भरपूर पण पुढे दुसरीकडे बॅचलर्सला गेलात तर सगळे क्रेडिट्स धरतीलच असं नाही. काही ठिकाणी हा सांधा आधीच जोडलेला असतो. न्यूयॉर्कचं एफ.आय.टी., म्हणजे फॅशन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, ते तिथल्या स्टेट युनिव्हर्सिटीचा भाग आहे, म्हणजे सरकारी, तिथे आधी दोन वर्षं ए.ए.एस. आणि मग परत अर्ज करून वरची दोन वर्षं बी.एफ.ए., म्हणजे फाइन आर्ट्सची बॅचलर्स. पण न्यूयॉर्कच्या रहिवाशाला जी फी पडते त्याच्या साधारण तिप्पट बाहेरच्याला पडते, आणि तुमचा मुलगा बाहेरचा.

आता "लगेच जॉब आणि सेटल". एफ-१, म्हणजे विद्यार्थ्यांच्या व्हिसावर शिकलं की डिग्रीनंतर ओ.पी.टी., म्हणजे शिकलेल्या विषयात काही काळ काम करायची परवानगी, मिळू शकतं, असोसिएटवर पण मिळतं, १२ महिने. इंजिनिअरिंगवाल्यांना त्यापुढे जी वाढ मिळते ती इथे नाही. आणि त्या १२ महिन्यांनंतर एच-१बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा, म्हणाल तर त्याला साधारणपणे बॅचलर्स किंवा तिच्या तोडीचं काहीतरी लागतं. म्हणजे एक तर पुढे शिकायचं नाहीतर घरी यायचं. शिकत असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास काम चालतं, बाहेर पैसे घेऊन शूट करणं चालत नाही, कुणा देसी काकांनी मुंजीचे दोनशे डॉलर देतो म्हटलं तरी नाही. एजंटला कॉलेजकडून कमिशन किती मिळतं हे एकदा तोंडावर विचारून बघा.

आपल्याकडे पदवी म्हणजे किमान तीन वर्षं, त्यामुळे ही डिग्री बी.ए.च्या जागी धरत नाहीत. परत आल्यावर एम.ए., एम.पी.एस.सी. यातलं काही डोक्यात असेल तर ती उपयोगाची नाही. फोटोग्राफर म्हणून काम करायचं असेल तर मात्र डिग्री कुणी विचारत नाही. मला पंधरा वर्षांत एकाही क्लायंटने विचारली नाही.

माझं स्पष्ट मत विचाराल तर सतरा-अठराव्या वर्षी, पूर्ण फी भरून, फक्त असोसिएटसाठी इथून पाठवू नका. मुंबईच्या जे.जे.ला अप्लाइड आर्टमध्ये फोटोग्राफीकडे जाता येतं, चार वर्षं, त्याची सी.ई.टी. असते. हैदराबादच्या जे.एन.ए.एफ.ए.यू.ला (जवाहरलाल नेहरू आर्किटेक्चर अँड फाइन आर्ट्स युनिव्हर्सिटी) तर फोटोग्राफीचंच बी.एफ.ए. आहे. ते करू दे, मग बाहेर जाऊ दे मास्टर्सला, तेव्हा व्हिसाचं गणित पण वेगळं असतं.

आणि ह्यांना सांगा, वर्गात बसून फोटोग्राफी शिकायची टूम काही अमेरिकेतून आलेली नाही. मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ साली फोटोग्राफीचे वर्ग निघाले होते. आणि तुमच्या शेजारच्या त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके फोटोग्राफी शिकले ते बडोद्याच्या कलाभवनात.

ताई, आमचा कोल्हापुरात फोटो स्टुडिओ आहे, आज्जापासून. मी बी.ए. झालोय, सहा सीझन लग्नं केली, कॅन्डिड करतो, करिझ्मा अल्बम स्वतः डिझाइन करतो. मामा अमेरिकेत आहेत, ते म्हणतात ये इकडे आणि दोन वर्षांचा कोर्स कर. मला प्रश्न हा आहे की तिथे असं काय शिकवतात जे यूट्यूबवर नाही? — कोल्हापूरचा तिसरी पिढी

तुझा प्रश्न मला फार आवडला कारण मी पण हीच मिजास घेऊन गेले होते. साताऱ्यात चुलतभावाच्या स्टुडिओत तीन सीझन काढलेले, त्यामुळे मला वाटायचं बाकीची पोरं कॅमेरा धरायला शिकतायत तोवर आपण डुलकी काढू.

पहिल्या आठवड्यातली असाइनमेंट : पांढऱ्या कागदावर पांढरं अंडं, लाइट एकच. मी हसले. फोटो काढला तर अंडं करडं, कागद पण करडा, राखेत ठेवल्यासारखं. कारण तुला माहितीच असेल, कॅमेऱ्यातला लाइट मीटर समोरचं सगळं १८ टक्के करडं आहे असं धरून चालतो, पुढे अंडं आहे का कोळसा त्याला काय ठाऊक. दीड-दोन स्टॉप वर गेले (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) तर पांढरं झालं, पण अंड्याची कडच कागदात विरघळून गेली. मग लाइट खाली आणला, मग आडवा नेला, मग दुसऱ्या बाजूला काळा पुठ्ठा धरला तेव्हा कुठे कड दिसायला लागली, आणि तेव्हा कळलं की पांढरी वस्तू पांढरी दिसायला तिच्या शेजारी काहीतरी काळं लागतं. चार संध्याकाळी गेल्या त्या अंड्यात. शेवटी उकडून खाल्लं. आता तू आठव, पांढऱ्या पडद्यापुढे पांढरा सदरा घातलेला नवरदेव तू किती वेळा काढलायस आणि किती वेळा नुसता फ्लॅश छताला मारून वेळ मारून नेलीयेस.

अंड्यानंतर काच. तेलाची बाटली दिली आणि म्हणाले हिच्यावर लाइट मारायचा नाही. मग दिसणार कशी? तर मागे पांढरा पडदा, त्याच्यावर लाइट, आणि पडदा फ्रेमच्या कडेला संपतो तिथला अंधार काचेच्या कडेत वाकून येतो, काळ्या रेघेने बाटली जणू पेनाने काढल्यासारखी उठते. मी आज ज्या बरण्यांवर पोट भरते ते सगळं त्या एका दुपारवर. किंवा साधी गोष्ट, लाइट एक मीटरवरून दोन मीटरवर नेला की उजेड निम्मा होत नाही, पाव होतो, म्हणजे दोन स्टॉप गेले. तुझ्या वडिलांच्या हाताला हे माहीत असणार, न मोजता ते दोन स्टॉप उघडत असणार, पण तुला ते त्यांनी सांगितलं का? माझ्या भावाने मला नाही सांगितलं, कारण त्याला सांगता येत नव्हतं.

मग डार्करूम, फिल्म धुऊन प्रिंट काढायची अंधारी खोली. बऱ्याच कॉलेजांनी बंद केली, पण जिथे आहे तिथे पहिलं वर्ष तिच्यातच जातं. ट्राय-एक्स या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मचा रोल, डी-७६ डेव्हलपर पाण्यात निम्मा-निम्मा, ६८ फॅरनहाइट म्हणजे २० सेल्सियस, पावणेदहा मिनिटं, दर अर्ध्या मिनिटाला पाच सेकंद हलवायचं. हात तसेच ठेवून गाणं म्हणायचं. डेव्हलपरचं काम थांबवणाऱ्या स्टॉप बाथचा व्हिनेगरसारखा वास स्वेटरला बसतो तो दोन वर्षं जात नाही. तुझ्या आज्जांना विचार, त्यांनी शेकड्यांनी रोल धुतले असतील. पण मग प्रिंट करताना टेस्ट स्ट्रिप (कागदाच्या पट्टीवर किती उजेड लागतो त्याची चाचणी), कुठे हात आडवा धरून उजेड अडवायचा, कुठे जास्त सोडायचा, एका प्रिंटला तीन तास, आणि त्या तीन तासांत तू तुझाच फोटो एवढा वेळ बघतोस जेवढा तू कॉम्प्युटरवर लाइटरूम सॉफ्टवेअरमध्ये कधीच बघत नाहीस. झोन सिस्टिम पण तिथेच शिकवतात, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचे शून्यापासून दहापर्यंत अकरा झोन. हे अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकन फोटोग्राफरांनी १९३९-४० च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या आर्ट सेंटर स्कूलमध्ये शिकवता शिकवताच बसवलं, म्हणजे मुळात ती मुलांना समजावून सांगायची सोय होती.

बरं, एवढं सगळं सांगितलं पण यातलं प्रत्येक यूट्यूबवर आहे. अंडं पण आहे. नाही ते क्रिट.

क्रिट म्हणजे असं की दर आठवड्याला आपापल्या प्रिंट भिंतीवर लावायच्या आणि गप्प बसायचं. ज्याचे फोटो त्याने बोलायचं नाही. बाकीचे चौदा-पंधरा जण बोलणार. आमच्यात एक नाइट ड्युटी करून येणारी नर्स होती, एक रिटायर झालेला बस ड्रायव्हर, बाकी अठरा-एकोणीसची पोरं. माझ्या पहिल्या क्रिटला मी रेल्वे स्टेशनवरचा एक फोटो लावला होता, मला त्याचा भयंकर अभिमान. सरांनी, तिथे सगळे सरांना नावाने हाक मारतात, मला दोन वर्षांत जमलं नाही, तर सरांनी काही न बोलता दोन कोरे कागद घेतले आणि माझ्या फोटोचा उजवा भाग झाकला. सगळा वर्ग "हां" म्हणाला. फोटो खरंच सुधारला होता. मला रडू यायच्या बेतात आणि बोलायची तर परवानगी नाही. मग ती नर्स म्हणाली मला तो झाकलेला भागच आवडला होता, तिथला तो रिकामा बाक, मी रोज सकाळी तसल्याच बाकावर बसते. आणि वीस मिनिटं दोन तट पडून भांडण, माझ्या फोटोवर, मी सोडून.

तुला असं कोण सांगतं? घरचे छान म्हणतात. गिऱ्हाईक मस्त म्हणतं म्हणजे त्यात ते स्वतः छान दिसतंय. इन्स्टावर तर बोलायलाच नको. मी फी भरली ती या पंधरा लोकांची, असं आता मागे वळून वाटतं, कॅमेरा आणि स्टुडिओ भाड्याने पण मिळाला असता.

आता तू जावंस का. तुझ्याकडे चालता धंदा आहे आणि बी.ए. आहे. दोन वर्षं सीझन सोडून जायचं म्हणजे गिऱ्हाईक दुसरीकडे बांधलं जाणार, परत येऊन तुला अल्बमच विकायचे असतील तर माझं उत्तर जाऊ नको. अल्बमपलीकडचं काही करायचं असेल, जाहिरात, प्रॉडक्ट, फूड, तर जा, पण मामांच्या घरापासून बसने जाता येईल असं सरकारी कम्युनिटी कॉलेज, म्हणजे दोन वर्षांच्या डिग्रीचं स्थानिक कॉलेज, बघ. आणि जायच्या आधी एक प्रयोग कर. कोल्हापूर म्हणजे बाबूराव पेंटरांचं गाव, ज्यांनी सिनेमाचा कॅमेरा मिळत नव्हता तर स्वतः बनवला. चित्रकलेची कॉलेजं तुझ्या दारात आहेत. तिथली सहा पोरं गोळा कर, महिन्यातून एकदा स्टुडिओ बंद झाल्यावर दहा प्रिंट भिंतीला लाव आणि तोंड बंद ठेव. सहा महिने टिकलास तर मला परत लिही.

कोर्सला कोणता कॅमेरा घेऊ? बजेट दीड लाख. — पनवेल

आत्ता काहीच घेऊ नकोस. कॉलेज यादी देतं, आणि बरंचसं सामान त्यांच्याच खिडकीवरून सही करून दोन-तीन दिवसांसाठी घरी नेता येतं. फिल्मचा क्लास असेल तर मॅन्युअल बॉडी लागते, आमच्या वर्गात निम्म्यांकडे जुना पेंटॅक्स के-१००० होता, १९७६ ते १९९७ बनत होता, लाइट मीटर सोडला तर त्याला बॅटरी लागतच नाही. दीड लाख ठेव, कागद आणि शाईत जातील.

मी एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या एच-१बी मुळे मिळालेल्या व्हिसावर आहे, एडिसनला. वय ३९, मुलगी शाळेत जाते. पुण्यात आय.टी.त होते. मला फोटोग्राफी नीट शिकायचीय, नुसता हॉबी क्लास नको. या वयात आणि या व्हिसावर ॲडमिशन मिळते का? नवरा म्हणतो कोर्स कर पण मग त्याचं पुढे काय करणार. — एडिसन, न्यू जर्सी

मिळते, आणि तुमच्यासाठी तर हे दुकान जणू उघडलंय. एच-४ वर शिकायला बंदी नाही, एफ-१ वाल्यांसारखं सेमिस्टरला १२ क्रेडिट्स घ्यायचंही बंधन नाही, एकच विषय घेतलात तरी चालतं. तुमच्या काउंटीचं, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचं, किंवा शेजारच्या काउंटीचं कम्युनिटी कॉलेज बघा. काउंटीत राहणाऱ्याला फी वेगळी असते, एच-४ ला ती लावतात का हे मात्र ॲडमिशन ऑफिसला लीज (घराचा भाडेकरार) आणि आय-९४ (अमेरिकेत आल्याची नोंद) घेऊन जाऊन विचारा, फोनवर प्रत्येक जण वेगळं सांगतो. संध्याकाळचे वर्ग असतात. वयाचं म्हणाल तर वर सांगितलेला बस ड्रायव्हर ६४ वर्षांचा होता आणि आमच्यातले सगळ्यात चांगले पोर्ट्रेट त्याचे, कारण चाळीस वर्षं आरशात माणसं बघितलेली.

आधी दोन विषय घ्या, बेसिक फोटोग्राफी आणि टू-डी डिझाइन. दुसरा विषय लोक टाळतात, चौकोन-त्रिकोण कापून चिकटवत बसायला लागतं, पण कम्पोझिशन मला तिथे कळलं, कॅमेऱ्याच्या क्लासमध्ये नाही. जमलं तर डिग्रीला नाव नोंदवा, घेतलेले क्रेडिट्स वाया जात नाहीत. मात्र नोंदवताना विचारा की हा क्लास क्रेडिटचा आहे ना, कारण त्याच इमारतीत, तोच शिक्षक, तोच विषय, कंटिन्युइंग एज्युकेशन म्हणून पण असतो आणि त्याचे क्रेडिट्स डिग्रीत धरत नाहीत. माझी एक मैत्रीण अशी तीन क्लास करून बसली.

आता एक गोष्ट जी कुणी सांगत नाही. एच-४ वर ई.ए.डी., म्हणजे कामाचा परवाना, नसेल तर पैसे घेऊन शूट करायचं नाही. मंडळाच्या कोजागिरीला हौसेने फोटो काढा, पण कुणी व्हेन्मोवर शंभर डॉलर टाकतो म्हणाला तर नको म्हणा. नवऱ्याचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने भरलेला अर्ज, मंजूर झाला असेल तर ई.ए.डी.चा अर्ज तुम्हाला करता येतो, ते घरात आधी विचारून घ्या. "पुढे काय करणार" याचं उत्तर कोर्स सुरू व्हायच्या आधी द्यायला लागावं हा काय नियम आहे का? त्यांनी एम.बी.ए. केलं तेव्हा कुणी विचारलं होतं?

मुलगी बारावीत, अमेरिकेतच जन्मली. तिला फोटोग्राफीच करायचीय. एका खासगी आर्ट कॉलेजने बोलावलंय, फीच वर्षाला ५५ हजार डॉलर. मी म्हणतो आधी कम्युनिटी कॉलेज. ती म्हणते बाबा, मैत्रिणी हसतील. — एक बाबा, सॅन होजे

दादा, आकडाच तिच्यापुढे ठेवा. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात रहिवाशाला एका युनिटला, म्हणजे तिथल्या क्रेडिटला, ४६ डॉलर. ६० युनिट म्हणजे २,७६० डॉलर, दोन वर्षांचे मिळून. वर पुस्तकं, फिल्म, कागद, पार्किंग धरा. तुमच्याजवळ क्युपर्टिनोला डी अँझा आहे, वर सिटी कॉलेज ऑफ सॅन फ्रान्सिस्को आहे, दोन्हीकडे फोटोग्राफी शिकवतात. शिक्षक बऱ्याचदा तेच असतात, सकाळी महागड्या कॉलेजात आणि संध्याकाळी इथे, आर्ट कॉलेजांचं निम्मं शिकवणं पार्ट-टाइम लोकांवर चालतं.

महागडं कॉलेज वाईट असं मी म्हणत नाहीये. तिथे ओळखी होतात, गॅलरीवाले येतात, मास्टर प्रिंटर शिकवायला येतो, हे सगळं खरं. पण ते वरच्या दोन वर्षांना जास्त कामाला येतं. पहिली दोन वर्षं अंडं आणि काच, आणि अंडं सगळीकडे सारखंच.

आणखी एक, नाव मोठं म्हणून कॉलेज टिकेल असं धरू नका. सॅन फ्रान्सिस्को आर्ट इन्स्टिट्यूट १८७१ चं, तिथला फोटोग्राफी विभाग अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सनी १९४५ मध्ये सुरू केलेला, ते २०२२ मध्ये बंद पडलं. सांता बार्बराकडचं ब्रूक्स इन्स्टिट्यूट, निव्वळ फोटोग्राफीसाठी नावाजलेलं, २०१६ मध्ये गेलं. फिलाडेल्फियाच्या युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्सने ३१ मे २०२४ ला सांगितलं की आम्ही बंद होतोय, आणि ७ जूनला बंद. आठवडा! मुलांनी पुढच्या वर्षाची घरं भाड्याने घेतलेली. आर्ट इन्स्टिट्यूट्स नावाची जी साखळी होती, जागोजागी, असोसिएट डिग्र्या विकणारी, तिचे उरलेले आठ कॅम्पस २०२३ च्या सप्टेंबरअखेरीला एकदम बंद झाले, आणि नंतर सरकारने तिथल्या ३ लाख १७ हजार जुन्या विद्यार्थ्यांचं ६१० कोटी डॉलरचं शैक्षणिक कर्ज माफ केलं, कारण नोकरीचे आकडे फुगवून सांगितले होते. म्हणून कॉलेज खासगी असेल तर ॲक्रेडिटेशन, म्हणजे मान्यता, कुणाची आहे, कॉलेज नफ्यासाठी चालतं का, आणि गेल्या पाच वर्षांत मुलांची संख्या वाढली का घटली हे विचारायचंच.

मुलीच्या बाजूने एक बोलते. कम्युनिटी कॉलेजातून ट्रान्सफर आपोआप होत नाही. तिला ज्या कॉलेजात शेवटी जायचंय त्यांना पहिल्याच वर्षी विचारा की तुम्ही इथले कोणते क्लास धरता, कागदावर घ्या, आणि त्याप्रमाणे विषय निवडा. आर्ट कॉलेजं तुम्हाला कोणत्या वर्षात बसवायचं ते पोर्टफोलिओ बघून पण ठरवतात, म्हणजे साठ युनिट धरले तरी फोटोग्राफीत दुसऱ्या वर्षात बसवलं असं होतं. मैत्रिणींचं काय, दोन वर्षांनी कर्जाचा हप्ता कुणाला किती ते विचारा म्हणावं.

माझ्याकडे फक्त मोबाइलवरचे फोटो आहेत. पोर्टफोलिओत चालतील का? काय काय टाकू? — नागपूरची एक

बऱ्याच कम्युनिटी कॉलेजांना पोर्टफोलिओ लागतच नाही, बारावी पास आणि इंग्लिशची परीक्षा, बस. एफ.आय.टी.सारख्या ठिकाणी लागतो. मोबाइल चालतो. किती फोटो, कोणत्या साइझचे, हे त्यांनी जे लिहिलंय ते शब्दशः पाळ, पंधरा म्हणालेत तर सोळावा टाकू नकोस.

मला पाठवलेले तुझे वीस बघितले. फुटाळ्याचा सूर्यास्त काढ, चारही काढ. किंगफिशर काढ, सुंदर आहे पण जगातल्या प्रत्येक पोर्टफोलिओत एक किंगफिशर असतो. सीताबर्डीचा साधू काढ, त्याला न विचारता घेतलाय ते दिसतंय. तुझ्या आईचे दुपारी कूलरपुढे झोपलेले जे तीन आहेत ना, पाणी भरायची बादली आणि ओला वाळा दिसतो ते, ते ठेव. तसे आणखी दहा काढ. एकाच घरात, एकाच उन्हाळ्यात. मे महिना जाऊ देऊ नकोस.

मी इथे दुसऱ्या सेमिस्टरला आहे. मराठी मंडळाच्या गणपतीचे फोटो क्रिटला नेले, ढोल-ताशा, गुलाल, लेझीम. सगळे म्हणाले किती रंगीत, किती सुंदर कल्चर, आणि पुढच्याकडे गेले. दुसऱ्या एका मुलाच्या बेसमेंटमधल्या वॉशिंग मशीनवर मात्र अर्धा तास बोलले. मार्क बी-मायनस. मला खूप राग आलाय, यांना आपलं काही कळतच नाही. — मिडवेस्टमधून

राग बरोबर आहे. त्यांनी गुलाल बघितला, तुझा फोटो बघितलाच नाही. त्यात त्यांचा आळस आहे, आणि शिक्षकाने त्यांना तिथे थांबवायला हवं होतं.

पण अगं, मी पण तेच बघितलं. तुझे बारा फोटो मी दोनदा चाळले आणि ते पुण्यात लक्ष्मी रोडवर काढलेत का ओहायोत, मला ओळखता येईना. ढोलवाला खालून, गुलाल हवेत, पोरगी लेझीम घेऊन हसतीये. हे फोटो आपल्याकडे दर वर्षी हजारो जण काढतात आणि खरं सांगू का, तुझ्यापेक्षा बरे काढतात, त्यांच्याकडे गर्दी आहे. तुझ्याकडे जे आहे ते त्यांच्याकडे नाही. अकराव्या फोटोच्या कोपऱ्यात बास्केटबॉलची रिंग दिसतीये आणि तू ती क्रॉप करायचा प्रयत्न केलायस! ती शाळेची जिम आहे ना, भाड्याने घेतलेली? नऊच्या आत हॉल रिकामा करून द्यायचा असणार, नाहीतर डिपॉझिट जातं. मग गुलाल कोण पुसतं? लाकडी फ्लोअरवर? आरती झाल्यावर कोट घातलेले काका घड्या घालून खुर्च्या रचतायत, नऊवारीवर स्पोर्ट्सचे बूट घातलेल्या मावशी प्रसादाचे डबे गाडीत भरतायत, गणपती कुणाच्या तरी गराजमध्ये परत पेटीत जातोय. ते वॉशिंग मशीन चाललं कारण तो मुलगा रोज त्याच्यासमोर उभा असतो.

गणपती आता पुढच्या वर्षी. पण तुझ्या मंडळाची संक्रांत असेल, पाडवा असेल, तीच जिम असेल. सगळ्यात आधी जा आणि सगळ्यात शेवटी नीघ. एक काम आत्ता कर, तेच बारा फोटो ब्लॅक अँड व्हाइटमध्ये प्रिंट करून खोलीत लाव आणि रंग गेल्यावर त्यातले किती उरतात ते बघ. मला वाटतं दोन, त्यातला एक रिंगवाला.

आणि डार्करूममध्ये फायबर पेपरवर (प्लॅस्टिकचा थर नसलेला फोटोचा कागद) करणार असशील तर क्रिटच्या आदल्या रात्री प्रिंट जाड पुस्तकांखाली दाबून ठेव, सुकताना कडा वळतात आणि मग भिंतीवर लावताना सगळ्यांसमोर हात थरथरतात.